तिथीची पाऊणपट

त्या दिवशी एकादशी होती आणि ते आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. हर्णैत ज्या घरी उतरलो होतो, तिथल्या काकूंनी सकाळी बाबांसाठी वेगळी साबुदाण्याची खिचडी केली. दुपारी आम्ही सगळे सुरमईच्या ताटावर बसलो तेव्हा बाबांपुढे वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी आली. पडवीत कालनिर्णय टांगलेलं होतं. माझ्या मुलीनं त्यात बोट ठेवून ‘मोक्षदा एकादशी’ असं मोठ्यानं वाचूनही दाखवलं. आमचा अख्खा दिवस असा तिथीप्रमाणे चालला होता, आणि त्याच तिथीवर समोरचा समुद्रही चालतो हे मात्र आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही.

त्याच संध्याकाळी सव्वापाचला मी सुवर्णदुर्गाच्या दारापुढे कमरेएवढ्या पाण्यात उभी होते. बाबांच्या नडगीतून वाहणारं रक्त ओढणीनं दाबून धरलं होतं आणि होडी दहा हातांवर वरखाली होत होती.

हे सगळं सविस्तर लिहायचं कारण असं, की सुवर्णदुर्ग पाहायला जाणारी माणसं आता वाढणार आहेत. 11 जुलै 2025 रोजी युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. शिवनेरी, रायगड, राजगड, प्रतापगड यांच्या जोडीला त्यात समुद्रातले नि समुद्रकाठचेही आहेत : खांदेरी, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि आपला सुवर्णदुर्ग. बातमी वाचून मला फार आनंद झाला. मी शाळेत इतिहास शिकवते आणि हा किल्ला मला मनापासून आवडतो. पण आनंदाच्या पाठोपाठ आमची ती संध्याकाळ आठवली. आम्ही जे शिकलो ते दुसऱ्या कुणाला रक्त सांडून शिकावं लागू नये, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

2023 चा डिसेंबर, नाताळची सुट्टी. आम्ही सात जण होतो : मी, माझे यजमान, सहावीतली मुलगी, दादा-वहिनी, त्यांचा मुलगा आणि बहात्तर वर्षांचे बाबा. बाबांची काही वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली आहे. रक्त पातळ राहावं म्हणून त्यांना रोज गोळी असते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, मंडणगड करत दापोलीला आलो आणि तिथून खाली उतरून हर्णैला. दापोलीपर्यंत डोंगर, लाल माती, आंबा-काजू. मग रस्ता वळणावळणानं खाली येतो आणि वासानंच कळतं की बंदर आलं. हर्णै हे मासळीवर जगणारं गाव आहे. ते पर्यटकांसाठी सजलेलं नाही आणि त्यातच त्याचा मोठेपणा आहे. शेजारी पाजपंढरीची मोठी कोळी वस्ती आहे. गावाच्या टोकाला समुद्रात घुसलेल्या टेकाडावर कनकदुर्ग आणि त्याच्या डोक्यावर दीपगृह. जवळच फत्तेगड आहे, पण त्यावर आता वस्ती असल्यानं दाखवल्याशिवाय तो गड म्हणून ओळखू येत नाही. किनाऱ्यालगत गोवागड, त्याची तटबंदी अजून चांगली उभी आहे. आणि या तिघांच्या समोर, पाण्यात, सुवर्णदुर्ग. किनाऱ्यावरचे तिन्ही किल्ले पाण्यातल्या त्या एकासाठी पहाऱ्याला बसवल्यासारखे आहेत. चार किल्ले आणि एक जितंजागतं बंदर एका नजरेत मावतील अशी दुसरी जागा मी तरी पाहिलेली नाही.

जेवणं उरकून आम्ही बंदरावर गेलो तेव्हा अडीच वाजले होते. ओहोटी होती. वाळू लांबवर उघडी पडली होती आणि होड्या पुष्कळ खाली, पाण्याच्या कडेला होत्या. किल्ला इतका जवळ दिसत होता की दादा म्हणाला, “पोहत जाईन.” अंतर खरंच थोडं आहे. पण फसगत इथूनच सुरू होते. अंतर थोडं म्हणून माणूस गाफील राहतो. दहा-पंधरा मिनिटांच्या वाटेला कसली आलीय तयारी, असं वाटतं. पायात साध्या चपला, हातात मोबाइल, सात जणांत पाण्याच्या दोन बाटल्या.

होडीवाल्या तांडेलानं आम्हाला न्याहाळलं, बाबांकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि विचारलं, “आजोबा उतरतील का पाण्यात? तिकडं धक्का नाय.” बाबा म्हणाले, उतरेन की. मीही म्हटलं, उतरतील. तेव्हा त्या गोळीची गोष्ट मी सांगायला हवी होती. सांगितली नाही. तांडेल पुढे म्हणाला, “ताई, साडेचारला वाळूवर या. त्याच्या पुढं उशीर नको.” मी हो म्हटलं. का, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, त्याला पुढचं गिऱ्हाईक घ्यायचं असेल. शहरात राहून आपल्याला अशी सवय लागते की कुणी वेळेचं बंधन घातलं की त्यात त्याचा फायदा असणार असंच आपण गृहीत धरतो. समुद्रावरच्या माणसानं सांगितलेली वेळ बहुतेकदा त्याची नसते, पाण्याची असते. हे मला त्या दिवशी कळलं, पण उशिरा.

होडीत लाइफ जॅकेटं होती, पाच. आम्ही सात. मुलांना घातली, बाकीची उन्हाचं उकडतं म्हणून फळीखाली राहिली. जाताना समुद्र ताटातल्या पाण्यासारखा शांत होता. किल्ल्यापुढच्या वाळूच्या पट्टीशी होडी लागली तेव्हा पाणी जेमतेम गुडघ्याएवढं होतं. बाबा दादाचा हात धरून सहज उतरले. कुणाच्या कपड्यांना धड पाणीसुद्धा लागलं नाही.

सुवर्णदुर्गाचं महाद्वार लांबून दिसत नाही. बुरुजांच्या आडोशाला ते असं लपवलेलं आहे की शत्रूच्या जहाजाला तोफ रोखायला समोर दार सापडू नये. आपण अगदी जवळ जातो तेव्हा ते एकदम पुढे येतं. पायरीवर दगडात कोरलेलं कासव आहे, भिंतीत मारुती आहे. बाबांनी चपला काढून हात जोडले. तटाच्या पायाशी नीट पाहिलं तर लक्षात येतं की खालचा भाग रचलेला नाही, बेटाचा कातळच तासून उभा केला आहे आणि त्यावर चिरे चढवले आहेत. मी मुलांचे हात त्या जोडावर ठेवले. एका बाजूला निसर्गाचा दगड, दुसऱ्या बाजूला माणसानं बसवलेला. तीनशेहून अधिक वर्षं लाटा त्या जोडावर आपटताहेत.

मग मी गोष्टीत शिरले. कान्होजी आंग्रे, त्यांचं आरमार, त्यांच्यामागून तुळाजी. पेशव्यांचं आणि तुळाजीचं बिनसलं आणि पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेतलं. 1755 च्या एप्रिलमध्ये कंपनीच्या आरमाराचा कमोडोर विल्यम जेम्स इथं आला. तोफांच्या माऱ्यात किल्ल्यातल्या दारूच्या साठ्याला आग लागली आणि सुवर्णदुर्ग पडला. पुढच्याच वर्षी विजयदुर्ग पडला, आंग्र्यांचं आरमार जळालं. जेम्स इंग्लंडला परतला, श्रीमंत झाला आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या बायकोनं 1784 मध्ये लंडनजवळ शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ एक बुरूज बांधला. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग कॅसल. सुवर्णदुर्ग या शब्दाचा इंग्रजी जिभेवर झालेला तो उच्चार. तो बुरूज आजही तिथं उभा आहे. आपल्या हर्णैचं नाव लंडनमध्ये एका टेकडीवर आहे, हे ऐकून मुलं थक्क झाली. त्यांना पश्चिमेकडचा चोरदरवाजा पाहायचाच होता. मलाही पाहायचा होता.

आत रान माजलेलं आहे. करवंदीच्या जाळ्या, गवत, पडक्या जोत्यांचे दगड. वाट धड नाही. विहिरी आणि टाकी गवताआड आहेत, पुढे पाहिलं नाही तर पाय थेट आत जाईल अशा. तिथपर्यंत जायला आणि परतायला मी धरला होता त्याच्या दुप्पट वेळ लागला. चार वाजून गेले तेव्हा माझ्या यजमानांनी आठवण करून दिली. मी म्हटलं, पाचच मिनिटं. साडेचारला आम्ही अजून तटावर होतो आणि मुलांचे फोटो चालले होते. खालून तांडेलानं दोनदा शिट्टी मारली. आम्ही हात हलवला.

दरवाज्यातून बाहेर आलो तेव्हा पाच वाजून गेले होते. आणि वाळू नव्हती. जिथं आम्ही उतरलो होतो, जिथं चपला काढून ठेवायचा विचार चालला होता, ती सगळी पट्टी पाण्याखाली गेलेली. दुपारभर तापल्यावर सुटणारा समुद्रावरचा वारा आता भरात होता आणि लाट खडकावर येऊन फुटत होती. होडी जवळ आणली तर तिचा तळ खडकावर आपटेल, म्हणून तांडेलानं ती लांब धरली होती. त्यानं हातानं खूण केली : एकेक करून या, उजवीकडून.

उजवीकडून जायचं तर खडकांवरून जायचं. त्या खडकांवर कालवं असतात. लांबून ती नुसती खरबरीत दिसतात, पण कालवाची फुटकी शिंप ब्लेडसारखी कापते. बाबांच्या पायातल्या चपला पहिल्याच लाटेनं ओढून नेल्या. दुसऱ्या लाटेला त्यांचा पाय घसरला आणि ते एका गुडघ्यावर खाली आले. मी आणि दादानं त्यांना उचललं तेव्हा नडगीवर वीतभर लांब फाटलं होतं. पाणी लाल होत होतं आणि रक्त काही थांबेना. गोळी रोजची, सकाळीच घेतलेली.

तांडेलानं दोर खलाशाच्या हाती दिला आणि स्वतः पाण्यात उडी टाकली. छातीएवढ्या पाण्यातून तो आला, बाबांना त्यानं पाठंगुळीला घेतलं आणि लाट ओसरण्याची वाट पाहत, दोन लाटांच्या मधे पावलं टाकत होडीपर्यंत नेलं. मग मुलांना. मग आम्हाला. त्यानं तोंडातून एक वाकडा शब्द काढला नाही. माझी मुलगी चढताना लाटेनं होडी वर गेली आणि तिचा हात सुटला. अंगात जॅकेट होतं म्हणून ती तरंगली आणि खलाशानं तिला खांद्याच्या पट्ट्याला धरून आत ओढलं. पट्टा नसता तर काय धरलं असतं, हा विचार मी आजही पुरता करू शकत नाही.

दापोलीत दवाखान्यात सात टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, कालवाची जखम साधी समजू नका, समुद्रातली घाण आत जाते आणि ती चिघळते. तसंच झालं. ती भरायला पाच आठवडे लागले.

दुसऱ्या दिवशी मी तांडेलाला भेटायला बंदरावर गेले. तो जाळं दुरुस्त करत असलेल्या एका म्हाताऱ्या नाखव्याजवळ बसला होता. मी माफी मागितली. तो फक्त “आजोबा कसे आहेत?” एवढंच म्हणाला. नाखव्यानं मात्र मला समोर बसवलं आणि विचारलं, “काल तिथी कोणती होती?” एकादशी, मी म्हटलं. “मग अकराची पाऊणपट किती?” मी हिशेब केला : सव्वाआठ. “म्हणजे रात्री सव्वाआठला पूर्ण भरती. त्याच्या सहा तास मागं जा. दुपारी दोनला पूर्ण ओहोटी. तुम्ही गेलात ती ओहोटी संपून पाणी फिरलं तेव्हा. पाणी चढायलाच लागलं होतं. तुम्हाला वाटलं, समुद्र शांत आहे.”

हा हिशेब कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे आणि तो शिकायला पाच मिनिटं लागतात. म्हणून तो इथं नीट मांडते. पंचांगातली तिथी घ्या. शुद्ध असो की वद्य, प्रतिपदा म्हणजे एक, द्वितीया म्हणजे दोन, असं पंधरापर्यंत. तिला पाऊणनं गुणा. येईल ती पूर्ण भरतीची घड्याळातली वेळ, साधारण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पुनवेला किंवा अवसेला सव्वाअकरा. दिवसात दोन भरत्या येतात. एक पहाटे-सकाळी, दुसरी बारा तासांनी आणि वर थोड्या मिनिटांनी. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी पूर्ण होते. रोज हे सगळं पाऊण तासानं, किंवा त्याहून किंचित जास्त, पुढं सरकतं, कारण चंद्रही रोज तेवढाच उशिरा उगवतो. पाऊणपटीचं गणित आलंय ते तिथूनच.

याला दोन जोड द्यायला हव्यात. एक म्हणजे पुनव-अवसेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा चढउतार कमी. म्हणजे वेळ पाऊणपटीनं कळते, पाणी किती चढेल ते तिथी पुनवेच्या जवळ आहे की अष्टमीच्या, यावरून. दुसरी गोष्ट मला त्या नाखव्यानं बोटांवर दाखवली. पाणी सहा तास सारख्या वेगानं चढत नाही. त्यानं करंगळीपासून सुरुवात केली. पहिल्या तासाला थोडं, दुसऱ्याला जास्त, तिसऱ्या-चौथ्या तासाला सगळ्यात जोरात, मग पुन्हा हळूहळू. आम्ही किल्ल्यात शिरलो तो पहिला तास होता. बाहेर आलो तो चौथा. पाणी सर्वांत जोरात चढत होतं त्याच तासाला आम्ही बहात्तर वर्षांच्या माणसाला त्यात उतरवलं.

पाऊणपट ही ढोबळ आहे. जागेप्रमाणे थोडी मागंपुढं होते, खाडीच्या आत वेगळी पडते, वाऱ्यापावसानं बदलते. म्हणून हिशेब करून तुम्ही स्वतःच निर्णय घ्यायचा नाही. हिशेब करायचा तो होडीवाल्याला योग्य प्रश्न विचारता यावा म्हणून. “आज पाणी कधी फिरतं? आम्ही परतताना वाळू उघडी असेल का?” हे दोन प्रश्न विचारा. तो सांगेल ती वेळ आपल्या घड्याळात गजर लावून ठेवा आणि गजर वाजला की समोर काहीही असो, वळा. तो नाही म्हणाला तर आग्रह करू नका, जादा पैशांचं आमिष तर मुळीच दाखवू नका. हर्णै-मुरुडच्या किनाऱ्यावर असे आग्रह होताना मी नंतर पाहिले आहेत आणि ते पाहवत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. जॅकेट प्रत्येकाला हवं, अंगात हवं, पट्टे आवळलेले हवेत. जितकी जॅकेटं तितकीच माणसं, उरलेल्यांनी दुसऱ्या फेरीला जावं. पायात बंद किंवा मागून पट्टा असलेली रबरी पादत्राणं. किल्ल्यात पिण्याचं पाणी मिळेल असं धरून जाऊ नका. आत पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हातात काठी असावी. रक्त पातळ होण्याची गोळी, फिट, दमा, मधुमेह, गर्भारपण, जे असेल ते होडीत बसण्याआधी सांगा. पावसाळ्यात जाण्याचा विचारच नको. 1 जूनपासून मासेमारी बंद होते ती जुलैअखेरपर्यंत तरी. ज्या समुद्रावर कोळी स्वतः होडी घालत नाही, तिथं आपण जायचं नसतं. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करूनच तो पुन्हा पाण्यात शिरतो, यामागे ही सगळी जाण आहे.

आणि गाडी पुळणीवर नेऊ नका. ओहोटीला ओली वाळू रस्त्यासारखी कठीण लागते, म्हणून लोक नेतात. भरती आली की तीच वाळू चाकांखालून सुटते आणि गाडी पोटावर बसते. ट्रॅक्टर बोलावेपर्यंत पाणी इंजिनात गेलेलं असतं. दापोली-गुहागरच्या किनाऱ्यावर हे दर सुट्टीत घडतं.

घरात वडीलधारी माणसं असतील तर त्यांना किल्ल्यात नेलंच पाहिजे असं नाही. गोवागडाच्या तटावरून सुवर्णदुर्ग सगळा दिसतो. कनकदुर्गावरून बंदर आणि किल्ला दोन्ही दिसतं. आणि हर्णैचा लिलाव तर आहेच, तो मला किल्ल्याइतकाच मोलाचा वाटतो. दुपार कलली की होड्या येतात, मासळी किनाऱ्यावर उतरते. पूर्वी होडीपासून वाळूपर्यंत ती बैलगाड्यांनी यायची, पाण्यात शिरलेले ते बैल हर्णैची ओळख होते. वाळूवर पाट्या मांडल्या जातात : पापलेट, सुरमई, हलवा, कोळंबी, बांगडा, म्हाकूल. बोली इतक्या भराभर चालते की नवख्याला कोण बोललं हेच कळत नाही. तिथं व्यापारी घाऊक घेतो, आपण नाही. म्हणून पाट्यांमध्ये घुसून, वाकून, मोबाइल पुढे करून उभं राहू नये. ती बायामाणसं पहाटेपासून उभी असतात, त्यांच्या कमाईचा तो अर्धा-पाऊण तास असतो. बाजूला उभं राहून पाहा. फोटो काढायचा तर आधी विचारा. लिलाव आटोपला की त्यातल्याच मावश्या वाटे लावून बसतात, तिथं घ्या. पापलेटच्या कल्ल्याशी बोटानं दाबलं आणि पांढरं पाणी आलं तर मासळी ताजी. तांबूस आलं तर सोडा. घासाघीस थोडी करा, पण ती मावशी त्या दिवसाचं डिझेल आणि बर्फ जमेस धरून भाव सांगते, हे लक्षात ठेवा.

जागतिक वारशाचा मान मिळाल्यावर आता सुवर्णदुर्गावर गर्दी होईल. आत रान साफ होईल, सोयी होतील, कदाचित धक्काही होईल. व्हायलाच हवं. पण मला एक गोष्ट राहून राहून वाटते. हा किल्ला बांधणाऱ्यांनी त्याच्या दाराशी सहज उतरता येऊ नये म्हणूनच तो तिथं बांधला. दार लपवलं, कातळ तासला, पुढे वाळूची चिंचोळी पट्टी तेवढी ठेवली. त्यांच्या शत्रूंनाही हे ठाऊक होतं. विजयदुर्गावर आरमार नेण्याआधी इंग्रजांनी याच जेम्सला पुढं पाठवून किल्ल्याजवळ पाणी किती खोल आहे ते पाहून घेतलं होतं. लढायला आलेला माणूस आधी पाण्याचा अंदाज घेतो. आपण आपल्याच किल्ल्यात, आपल्याच मुलाबाळांना घेऊन जातो, तर निदान तेवढा तरी घेऊन जावं.

2025 च्या फेब्रुवारीत आम्ही पुन्हा हर्णैला गेलो. या वेळी मी तारीख ठरवण्याआधी पंचांग पाहिलं. रविवार होता आणि संकष्टी. चतुर्थी, म्हणजे चार, म्हणजे तीन. दुपारी तीनच्या सुमारास भरती, सकाळी नऊच्या आसपास पूर्ण ओहोटी. त्याच तांडेलाला दोन दिवस आधी फोन केला. तो म्हणाला, आठला या, दहाच्या आत परत. आम्ही आठला निघालो, सहा जण, सहा जॅकेटं. बाबांचा पुन्हा उपास. ते गोवागडाच्या तटावर सावलीत बसले आणि तिथून त्यांनी आमची होडी जाताना आणि येताना पाहिली. पावणेदहाला आम्ही वाळूवर उभे होतो, पाणी घोट्याएवढं होतं. दुपारी सगळे मिळून आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला गेलो. रात्री चंद्र उगवल्यावर बाबांनी उपास सोडला.